सहा, एकशे एक्कावन्न, पाच

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर धोक्याची खूण २६ फुटांची आहे. त्या वेळी पाणी ३५ च्याही वर गेलं होतं. ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ग्रंथपालताईंचा फोन आला. "पुस्तकं वाचली रे. मुलांनी रात्रीच वरच्या फळ्यांवर चढवली होती. पण कॉम्प्युटर गेला."

आमचं वाचनालय लहान आहे, नदीपासून फार लांब नाही. तो कॉम्प्युटर टेबलाखाली, जमिनीवर असायचा. मी गेलो तेव्हा मदरबोर्डावर गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या होत्या. मात्र दर दिवाळीला मी त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवत असे, आणि रोजच्या देवघेवीचा पेनड्राइव्ह ताई पर्समध्ये घालून घरी नेत. म्हणजे नोंदी सगळ्या होत्या, त्यांना राहायला घर नव्हतं. एका वाचकाने कॉम्प्युटरचा नवा डबा घेऊन दिला. त्यात इंटेलचा १२व्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर होता, २०२२ च्या सुरुवातीला बाजारात आलेला. मी कपाटातली डिस्क काढली, नव्या डब्यात बसवली आणि बटण दाबलं.

डिस्कवर सेंटओएस ७ होतं, लिनक्सवर उभी असलेली प्रणाली. काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी आल्या. त्यातल्या एका ओळीने मी खुर्ची पुढे ओढली. तिचा अर्थ असा होता: इशारा – इंटेल प्रोसेसर – या हार्डवेअरची चाचणी झालेली नाही. आणि त्याआधी, आपण काय पाहिलं तेही सांगितलेलं: फॅमिली ६, मॉडेल १५१, स्टेपिंग ५.

हे तीन आकडे कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कुठून मिळाले, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. प्रोसेसरमध्ये सीपीयूआयडी नावाची एक सूचना असते. ती दिली की प्रोसेसर स्वतःची ओळख सांगतो: आधी कोणाच्या घरचा ते, मग कुळी, मग नमुना, मग त्या नमुन्यातली दुरुस्ती कितवी. या प्रोसेसरचं उत्तर सोळाच्या पायात ९०६७५ असं येतं. त्यातला ६ म्हणजे कुळी. नमुन्याचा आकडा दोन तुकड्यांत असतो, पुढचा ९ आणि मधला ७. नऊ सोळे एकशे चव्वेचाळीस अधिक सात, एकशे एक्कावन्न. शेवटचा ५ म्हणजे स्टेपिंग. १९९३ साली पेंटियमबरोबर ही सूचना रुळली. त्याआधी प्रोसेसरला नाव विचारायची सोयच नव्हती. समोर ३८६ आहे की ४८६, हे कळायला फ्लॅग रजिस्टरमधला, म्हणजे प्रोसेसरच्या खुणांच्या पाटीवरचा, एक ठरावीक बिट उलटा करून पाहावा लागे. उलटा राहिला तर ४८६, आपोआप जागेवर आला तर ३८६. माणसाला नाव न विचारता, त्याला एक पायरी चढायला सांगून चालीवरून ओळखावं, तसं.

सेंटओएस ७ चं कर्नल ३.१० हे. मूळ ३.१० लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी ३० जून २०१३ ला प्रसिद्ध केलं. पुढे कितीतरी वर्षं अभियंते नव्या यंत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे छोटे प्रोग्रॅम, मागे आणून या जुन्या कर्नलला जोडत राहिले. ज्या प्रोसेसरवर तपासणी झाली, त्यांची यादी कर्नलमध्येच होती. यादीबाहेरचा कोणी समोर आला की कर्नल थांबत नसे, दारही लावून घेत नसे. तुला मी ओळखत नाही, एवढं म्हणून कामाला लागत असे. आणि सेंटओएस ७ ची देखभाल संपली ३० जून २०२४ ला, मूळ कर्नलच्या बरोबर अकराव्या वाढदिवशी. आमचा पूर त्यानंतर दोन महिन्यांनी आला. म्हणजे ती ओळ पडद्यावर उमटली तेव्हा, तक्रार घेणारी जी खिडकी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिलेली होती, ती बंद झालेली होती.

मला ती ओळ फार प्रामाणिक वाटते. ओळख नसताना ओळख दाखवणारी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती सगळं ठीक म्हणतात आणि आठ दिवसांनी भलतीकडेच बंद पडतात. या ओळीने मला पहिल्या सेकंदातच सांगितलं, की इथून पुढे जे घडेल ते आमच्या अनुभवाबाहेरचं आहे.

ताईंनी मात्र ती पाहिली दुसऱ्या दिवशी सकाळी, मी नसताना. फोनवर म्हणाल्या, "काहीतरी इंग्रजीत लिहून आलंय, धोका-बिका. मी बंद करून टाकला." मी म्हटलं, फोटो पाठवा. फोटो आला, पण वरचा अर्धा पडदा कापलेला आणि मधोमध ट्यूबलाइटचं पांढरं बिंब. यात ताईंची काहीच चूक नाही. इशारा दिसला की आधी हात बटणाकडे जातो, डोळे अक्षरांकडे नंतर जातात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

कर्नल बोलतं ते सगळं एका ठिकाणी साठतं. ती जागा ठरावीक मापाची, गोल फिरणारी. भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. डीमेसेज ही आज्ञा दिली की ते वाचता येतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात वेळ असते, यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले ती. प्रत्येक ओळीला निकडीची एक पायरीही असते, ० ते ७. शून्य म्हणजे सगळं कोसळलं, चार म्हणजे इशारा, सात म्हणजे स्वतःशी पुटपुटणं. सुरू होताना 'क्वाएट' म्हणून ठेवलं असेल तर चार ते सात या पायऱ्यांचं काहीच पडद्यावर येत नाही, फक्त साठतं. म्हणून पडद्याचा फोटो हा नेहमी अपुरा पुरावा. खरी साक्ष डीमेसेजमध्ये असते, आणि ती पहिल्या ओळीपासून हवी. ज्या ओळी आपल्याला फालतू वाटतात, त्यांच्यातच बहुतेक वेळा उत्तर असतं.

हे मला संगणकाच्या पुस्तकाने शिकवलं नाही, बाबांनी शिकवलं.

बाबा बडोद्याच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये होते. इंजिन शेडला आलं की आधी लॉगबुक हातात घ्यायचे. ड्रायव्हरने वाटेत काय पाहिलं, ते त्यात लिहिलेलं असे. जेवताना ते त्या नोंदींबद्दल बोलत. "इंजिन बराबर चालत नाही" असं कोणी लिहिलं की त्यांचा चेहरा पडायचा. रागाने नाही, काळजीने. कारण आता ते इंजिन शेडमध्ये उभं राहून निमूट असणार, सगळ्या चाचण्या पास होणार, आणि पुन्हा रात्री कुठेतरी गोध्र्याच्या पुढे अडणार. पण एखादा लिहायचा, "२० व्या नॉचला डीजे ट्रिप. दोनदा. दोन्ही वेळा चढावर, मालगाडी भरलेली." नॉच म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची पायरी, डीजे म्हणजे इंजिनाचा मुख्य ब्रेकर. अशी नोंद आली की बाबा ती दोनदा वाचायचे, जसं कोणी चांगलं पत्र वाचतं तसं. "यानं काय झालंय ते नाही सांगितलं," ते म्हणायचे. "काय दिसलं ते सांगितलं. काय झालंय ते आम्ही बघू."

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा: इंजिन थंड होतं की गरम?

तो प्रश्न मला पुढे कसा उपयोगी पडला, ते सांगतो. पण त्याआधी घंटेबद्दल.

लहानपणी आम्ही दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहायचो. दिंडी दरवाजाला एकच घंटा, दोरी ओढून वाजवायची, आणि आत बिऱ्हाडं तीन. घंटा वाजली की तिन्ही घरांतून कोणीतरी डोकावायचं: आमच्याकडे का? नाही? मग तुमच्याकडे असेल. कॉम्प्युटरमध्येही असंच असतं. एखाद्या कार्डाला लक्ष वेधायचं असलं की ते इंटरप्टची घंटा वाजवतं, आणि बरेचदा एकाच घंटेवर दोन-तीन कार्डं असतात. कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला विचारतं, तुझी का? आता समजा घंटा वाजतेय आणि कोणीच आपली म्हणत नाही. कर्नल घाई करत नाही. मोजत राहतं. एक लाख वेळा वाजून झाली आणि त्यातल्या ९९,९०० हून जास्त वेळा कोणीच ओ दिली नाही, तर मग ते एक ओळ लिहितं आणि ती घंटा बंद करतं. मी पहिल्यांदा ती ओळ पाहिली तेव्हा घंटा १६ व्या क्रमांकाची होती. ओळ अशी: आयआरक्यू १६, नोबडी केअर्ड.

कोणालाच पर्वा नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होतो. रात्री ती ओळ वाचून मला वाड्यातली एक दुपार आठवली. सगळे झोपलेले, घंटा वाजत राहिलेली, आणि प्रत्येक घराला वाटत राहिलं की दुसऱ्यांकडे आलंय. तो पोस्टमन होता, तारेचा. आजीच्या भावाची तार होती. मला अजूनही वाटतं, ज्याने कर्नलमध्ये ते दोन शब्द लिहिले त्याला त्यांचं वजन ठाऊक असावं. तांत्रिकदृष्ट्या अर्थ साधा आहे, की कोणत्याच ड्रायव्हरने ही घंटा स्वीकारली नाही. पण हाच अर्थ कोरड्या शब्दांतही लिहिता आला असता.

आता तो थंड-गरमचा प्रश्न.

काही वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर नवं कर्नल घातलं आणि आवाज गेला. डीमेसेजमध्ये ओळ होती, एकही कोडेक सुरू झालेला नाही. कोडेक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. आधीच्या कर्नलवर ती सापडत होती, नव्यावर नाही. म्हणजे मधल्या काळात झालेल्या कुठल्यातरी एका बदलाने ती हरवली. दोन आवृत्त्यांच्या मध्ये दहा-बारा हजार बदल असतात. त्यातला एक शोधायची युक्ती गिट बायसेक्ट या साधनात आहे: बरोबर मधला बदल घ्या, तिथलं कर्नल बांधा, चालवून पाहा. चांगलं असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट असेल तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा अर्धं करा. अशा चौदा पायऱ्यांत हजारोंतून एक हाती येतो. कागदावर फार सुंदर. माझ्या लॅपटॉपला एक कर्नल बांधायला दोन-अडीच तास लागत. संध्याकाळी ऑफिसातून आलो की एक, जेवणानंतर एक, आणि झोपताना एक लावून ठेवायचं. पाच दिवस गेले. पाचव्या दिवशी जो बदल हाती आला तो नेटवर्कच्या एका फाईलमधला शब्दलेखनाचा सुधार होता. आवाजाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

त्या रविवारी बाबा मांजलपूरच्या घरी व्हरांड्यात बसले होते. मी वैतागून सगळं सांगितलं. त्यांना बायसेक्ट समजलं असेल का, मला माहीत नव्हतं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "थंड होतं की गरम?"

मी गप्प झालो. मी प्रत्येक वेळी नवं कर्नल बांधून नुसतं रीस्टार्ट करत होतो. वीज तुटतच नव्हती. आधीच्या चांगल्या कर्नलने जागी केलेली चिप रीस्टार्टनंतरही जागीच राहत होती, आणि वाईट कर्नलला ती आयती जागी सापडत होती. म्हणून वाईटाला मी चांगलं म्हणत गेलो. पाच दिवस मी यंत्राला खोटी साक्ष द्यायला लावत होतो, आणि यंत्र बिचारं जे दिसलं तेच सांगत होतं.

पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी प्रत्येक फेरीला लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मिनिटभर थांबून मग चालू. सहा दिवस. शेवटी जो बदल निघाला त्यात चिपला जागं होण्यासाठी दिलेला वेळ कमी केलेला होता.

मग पत्र लिहिलं. कर्नलच्या मूळ कोडमध्येच मेंटेनर्स नावाची फाईल असते. कुठला भाग कोण सांभाळतो, ते तिच्यात नावानिशी असतं. पत्र साध्या मजकुरात हवं, सजवलेलं आलं तर ईमेल-यादीचं दारच ते परतवतं. मी बाबांसारखं लिहायचा प्रयत्न केला. कुठलं यंत्र, कुठली आवृत्ती चांगली, कुठली वाईट, थंड सुरुवातीला दहापैकी दहा वेळा, गरम सुरुवातीला एकदाही नाही. सोबत पूर्ण डीमेसेज. माझं मत एकाही ओळीत नव्हतं. दोन दिवसांत उत्तर आलं, चार ओळींचं, सोबत एक छोटी दुरुस्ती: हे लावून पाहाल का? लावलं, चाललं, तसं कळवलं. काही आठवड्यांनी ती दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये गेली, आणि तिच्या तळाशी दोन ओळी होत्या: रिपोर्टेड बाय, टेस्टेड बाय. दोन्हींपुढे माझं नाव.

त्या नावाचा मला किती आनंद झाला, हे मी लपवणार नाही. मी दुरुस्ती केली नव्हती, एक अक्षर कोड लिहिला नव्हता. पण "दिसलं" म्हणणाऱ्याचं नाव, "दुरुस्त केलं" म्हणणाऱ्याच्या शेजारी, तितक्याच ठाम अक्षरात ठेवायची ही रीत मला फार मोठी वाटते. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला आणि म्हणाले, "आमच्याकडे ड्रायव्हरचं नाव नोंदीखाली असायचं. पण दुरुस्तीच्या कागदावर कधी नाही आलं." मग थोड्या वेळाने, "यायला हवं होतं."

वाचनालयाकडे परत येतो. तिथला दुसरा प्रश्न नेटवर्कचा होता. बोर्डावरचं कार्ड एलएसपीसीआय या आज्ञेने येणाऱ्या कार्डांच्या यादीत दिसत होतं, पण कोणताच ड्रायव्हर त्याला हात लावत नव्हता. प्रत्येक कार्डाला दोन आकडे असतात, कंपनीचा आणि वस्तूचा. इंटेलचा कंपनी-आकडा ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरची आठवण. आमच्या कार्डाचे आकडे होते १०ईसी आणि ८१२५: रिअलटेकचं, अडीच गिगाबिटचं. त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ५.४ पासून, २०१९ साली. ३.१० च्या यादीत तो आकडाच नाही. ताईंना मी म्हटलं, पुस्तक हातात आहे, पण वर्गीकरणाच्या तक्त्यात त्याचा विषय नाही. त्यांना लगेच कळलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली, तिथपासूनचं वर्गीकरण ताईंच्या बोटांवर आहे. "मग ते पुस्तक टेबलावर पडून राहतं," त्या म्हणाल्या, "आणि कोणी मागितलं तर आम्ही नाही म्हणतो, असून."

बाहेरून मिळणारा ड्रायव्हर घातला, कार्ड बोलू लागलं. पण कर्नल अशा गोष्टी विसरत नाही. स्वतःवर कसले डाग पडले, याचा एक आकडा ते जवळ ठेवतं. पहिल्या दिवशी तो २६,८४,३५,४५६ होता, म्हणजे दोनाचा अठ्ठाविसावा घात: न तपासलेल्या हार्डवेअरची खूण. ड्रायव्हर घातल्यावर त्यात ४,०९६ वाढले, कारण तो कर्नलच्या मूळ कोडबाहेरचा. आणि ८,१९२ वाढले, कारण त्यावरची सही कर्नलला ओळखता आली नाही. एकूण २६,८४,४७,७४४. याला डाग म्हणतात खरं, पण त्यात दोष देणं नाही. पुढे कोणी या यंत्राची तक्रार वाचेल, त्याने ती कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली हे आधी जाणून घ्यावं, एवढ्यासाठी ते आहे.

कळवायचं कोणाला? सेंटओएस ७ कडे आता कोणी बसलेलं नव्हतं. मूळ कर्नलवाले जुन्या, जोडजोडीच्या आवृत्तीची तक्रार घेत नाहीत. आधी ताज्या कर्नलवर दाखवा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मी पेनड्राइव्हवरून ताजं कर्नल चालवून पाहिलं. प्रोसेसर ओळखला, कार्ड ओळखलं, कसलीही कुरबुर नाही. म्हणजे जगाच्या दृष्टीने कार्डाची तक्रार पाच वर्षांपूर्वीच मिटलेली होती. आमच्या देवघेवीचा प्रोग्रॅम मात्र युनिकोडच्या आधीच्या फाँटात लिहिलेला, जुन्या डेटाबेसवर उभा. त्याला नव्या घरी न्यायला काही महिने लागणार होते. तोवर हेच.

तेव्हा मी एक वही आणली. लांब, लाल कापडी पाठीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. पहिल्या पानावर सगळं लिहिलं: यंत्र, तीन आकडे, कार्डाचे आकडे, डागांची बेरीज, थंड सुरुवातीला काय, गरम सुरुवातीला काय. ताईंना म्हटलं, सकाळी चालू केल्यावर जे दिसेल ते लिहायचं, जसं दिसेल तसं. त्यांनी विचारलं, "कोणासाठी रे?" मी म्हटलं, माझ्यासाठी, आणि मी नसेन तेव्हा जो येईल त्याच्यासाठी.

सप्टेंबरात एका सकाळी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. पडदा मध्येच थांबला होता. "लिहून घे," त्या म्हणाल्या. "रात्रभर बंद होता, म्हणजे थंड. पहिली इशाऱ्याची ओळ रोजचीच: सहा, एकशे एक्कावन्न, पाच. त्याच्यानंतर एक नवीन आहे, ती अक्षरं सांगते." आणि त्यांनी स्पेलिंग सांगायला सुरुवात केली, एकेक अक्षर, पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा तशी. मी कागद ओढला. दुसऱ्या ओळीतच कळलं, की डिस्कची वायर सैल आहे. फोनवरच बसवून घेतली.

डिसेंबरात सगळं नव्या प्रणालीवर गेलं. फाँट बदलताना काही जोडाक्षरं फुटली, ती हाताने लावली. त्याला दोन रविवार लागले. सोमवारी सकाळी ताईंनी यंत्र चालू केलं. मी संध्याकाळी गेलो तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तारीख, वेळ, आणि त्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात: थंड. आज इशाऱ्याची ओळ आली नाही.